नवे शब्द, जुनी चाल

आमच्या वेळची कार्टूनची गाणी फार चांगली होती, असं कुणी म्हणायला लागलं की ते माणूस म्हातारं झालं असं समजावं, हा माझ्या मुलीचा सिद्धांत आहे. असू दे. मी म्हातारी, आणि गाणी चांगलीच होती.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही नेरूळला राहायला आलो. इमारत इतकी नवी होती की जिन्यात रंगाचा वास यायचा, आणि समोरच्या सेक्टरमध्ये इमारतींऐवजी नुसत्या पाट्या उभ्या होत्या. अख्ख्या इमारतीत रंगीत टीव्ही फक्त आमच्याकडे होता. त्यामुळे रविवारी सकाळी साडेनऊच्या ठोक्याला सगळ्या मजल्यांवरची पोरं आमच्या बाहेरच्या खोलीत जमायची. दारातला चपलांचा ढीग बघून आई म्हणायची, “आज कुणाचं लग्न आहे का?” पण ती कधी कुणाला परत पाठवायची नाही.

एका मुलीची गोष्ट होती. तिची एक होडी, सोबतीला एक आगाऊ पाणकावळा, आणि हरवलेल्या गावाचा शोध. दर रविवारी नवं बेट, नवी भानगड. मालिका मूळची जपानी आणि हिंदी आवाज तिला आपल्याकडे दिलेले, हे मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा मला ती मुलगी मालवणकडची असावी असंच वाटायचं. मी तिसरीत असताना ती होडीत बसली आणि मी सहावीत गेले तरी तिला काही गाव सापडलं नव्हतं. एवढ्या वेळात माणूस पोहत गेला असता, असं आई म्हणायची.

पण त्या मालिकेचं गाणं! सुरुवातीला फक्त पाणी असायचं. मग एक वल्हं पाण्यात पडल्याचा आवाज, मग दुसरं. त्या दोन आवाजांच्या तालावर एक बाई गायला लागायची. आवाज जाड होता, सर्दी झाल्यासारखा, आणि फार प्रेमळ. जेमतेम दीड मिनिटाच्या गाण्यात समुद्र, आईची आठवण, भूक, पाणकावळ्याचा चावटपणा सगळं यायचं आणि तरी कुठे घाई वाटायची नाही. शेवटच्या ओळीला पोरांचा कोरस यायचा, पाणकावळा पाण्यात धपकन पडायचा, आणि सूर बरोबर तिथेच थांबायचा. लांब कुठल्या तरी देशात काढलेल्या चित्रांवर इथल्या कुणीतरी बसून शब्द लिहिले, चाल लावली, आणि वल्ह्याचा एक ठोकाही चुकवला नाही. ज्यांनी केलं त्यांची नावं पडद्यावर येत असतील तर मी त्या वेळी पोरांना सरकून बसायला सांगत असणार. आज मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार करते. मुलांचं काम म्हणून त्यांनी कुठेही हात आखडता घेतला नव्हता.

ते गाणं आमच्याकडे सगळ्यात मोठ्याने कोण म्हणायचं? माझे बाबा.

बाबा तळोज्याला एका केमिकल कंपनीत कॉम्प्रेसर हाउसमध्ये ऑपरेटर होते. कॉम्प्रेसर म्हणजे हवा दाबून पुढे ढकलणारं मशीन. आमच्या स्वयंपाकघराएवढं एक, अशी चार मशीनं एका शेडमध्ये रात्रंदिवस चालायची. मी एकदा कंपनीच्या पूजेला गेले होते तेव्हा आत पाय टाकला आणि रडत बाहेर आले. आवाज कानात नाही, पोटात जायचा. तिथली माणसं एकमेकांशी हातांच्या खुणांनी बोलायची. कानात घालायला बुचं दिलेली असत, पण बाबा ती खिशात ठेवायचे. कारण त्यांचं खरं काम ऐकण्याचं होतं. हातभर लांब पेचकसाचं टोक ते मशीनच्या अंगाला लावायचे, मूठ कानाच्या मागच्या हाडाला, आणि डोळे मिटायचे. डॉक्टर छाती तपासतो तसं. आणि सांगायचे, “तीन नंबरचं बेअरिंग पंधरा दिवसांत जाणार.” ते जायचंच. इंजिनियर लोक मीटर लावून बघायचे आणि शेवटी बाबांनाच विचारायचे. त्यांना त्याचा केवढा अभिमान होता! “बुचं घातली तर मशीन माझ्याशी बोलणार कसं?” असं ते म्हणायचे.

रविवारची बाबांना सुट्टी असायची, पण रात्रपाळीचा आठवडा असला की त्या दिवशी सकाळी साडेसातला कंपनीची बस त्यांना नाक्यावर सोडायची. आंघोळ, चहा, आणि मग झोपायला जायचं सोडून हे गृहस्थ पोरांच्या घोळक्यात मांडी घालून बसायचे. गाणं सुरू झालं की दोन्ही हातांनी हवेत वल्ही मारत, मान हलवत, खड्या आवाजात म्हणायचे. गळा सांगलीकडचा, भजनात तयार झालेला. पोरं खूश. इतरांचे वडील रविवारी पेपरात तोंड खुपसून बसायचे किंवा झोपा काढायचे. माझे होडी चालवायचे. माझी मान त्या दीड मिनिटात इंचभर तरी वर जायची.

मी पाचवीत गेले त्या वर्षी गाणं बदललं.

आधी सूचना नाही, काही नाही. एका रविवारी चित्रं तीच आली. तेच पाणी, तीच होडी, तीच वल्ही. पण वल्ह्यांचा आवाज गेला होता. त्याऐवजी कीबोर्डची टणटण, एक पोरगेला आवाज आणि दुप्पट वेगाने धावणारे शब्द. आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. खालच्या मजल्यावरची मुलगी तर “आमचं गाणं कुठंय?” म्हणून मुसमुसली. दोन-तीन आठवड्यांत आम्हाला तेही आवडायला लागलं ही गोष्ट वेगळी. खरं सांगायचं तर नवं गाणंही झकास होतं. पळतं, खट्याळ, पाणकावळ्याच्या बाजूने लिहिलेलं. पोरं इतकी इमानदार नसतात. पण त्या पहिल्या रविवारी आमच्यावर आभाळ कोसळलं होतं.

आणि त्या गोंधळात बाबा मोठमोठ्याने जुनं गाणं म्हणत होते.

टीव्हीवर नवं, खोलीत जुनं. हवेत वल्ही चाललीत, मान डोलतेय, चेहरा आनंदाने फुललाय. आधी पोरं हसली. त्यांना वाटलं काका मुद्दाम करतायत, नव्या गाण्याची जिरवतायत. मलाही तसंच वाटलं. पुढच्या रविवारी त्यांनी परत तेच केलं. त्याच्या पुढच्या रविवारीही. तोवर पोरांना नवे शब्द पाठ करायचे होते आणि काकांच्या आवाजात ते ऐकूच येत नव्हते. वरच्या मजल्यावरचा एक आगाऊ मुलगा म्हणाला, “यार, तुझ्या पप्पांना बोल ना, बोअर करतायत.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी बाबांच्या मागून ओरडले, “बाबा, गप्प बसा ना! गाणं बदललंय, कळत नाही का तुम्हाला?”

बाबा गात राहिले. नुसते गात राहिले नाहीत, तर वल्हं मारता मारता मागे वळून माझ्याकडे बघून हसले आणि मलाही वल्हं मारायची खूण केली.

त्या दिवशी मी त्यांच्याशी अबोला धरला. तो त्यांच्या लक्षातही आला नाही, त्यामुळे माझा राग आणखी वाढला. आईकडे तक्रार केली तर ती म्हणाली, “त्यांचं लक्ष नसतं गं. रात्रभर जागलेले असतात.” आमच्या घरात हे वाक्य फार वर्षं चालू होतं. साखर सांगितली आणि बाबांनी मीठ आणलं, लक्ष नसतं. कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या तरी गॅस बंद केला नाही, लक्ष नसतं. बेल वाजली, उठले नाहीत, लक्ष नसतं. आणि मोठ्याने बोलतात, तर कंपनीतली माणसं मोठ्यानेच बोलतात. प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार होतं, म्हणून कुणी प्रश्नच विचारला नाही.

विचारला तो मासेवाल्या मावशीने. मावशी करावे गावातली. दर रविवारी टोपली घेऊन यायची आणि आमच्या दारात टेकून पाच मिनिटं कार्टून बघायची. तिला त्या मुलीची होडी मुळीच पसंत नव्हती. “आगो, ही पोर वल्ही उलटी मारते हाय. अशी मारली तं होरी मागं जाईल,” असं ती दर वेळी न चुकता सांगायची. पुढच्याच एका रविवारी कार्यक्रम संपून पोरं गेली होती, आई डबा आणायला आत गेली होती, आणि बाबा तिच्याकडे पाठ करून खिडकीत उभे होते. मावशी मला हळूच म्हणाली, “तुज्या बापाला आयकू येत नाय गो.”

“येतं की,” मी म्हणाले.

“मी चार हाका मारल्या. माज्या सासऱ्याचं आसंच व्हतं. मानसाच्या डोल्यांत नाय, तोंडाकडं बगायचा.”

मला तिचा भयंकर राग आला. पण ती गेल्यावर मी बाबांच्या मागे दोन हातांवर जाऊन उभी राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, “बाबा.” काही नाही. “बाबा, तुमचा शर्ट फाटलाय.” काही नाही. मग मी जे म्हणाले ते मला लिहायलाही लाज वाटते, कारण त्यांचा राग अजून माझ्या डोक्यात होता. म्हणाले, “बाबा, तुम्ही येडे आहात.” बाबा खिडकीतून खाली चाललेल्या रिकाम्या बसकडे बघत राहिले. त्यांच्या ओठांवर जुनं गाणं होतं. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि खूप रडले.

मग मी त्यांच्यावर पाळतच ठेवली. मावशीचं बरोबर होतं. बाबा तोंडाकडे बघायचे. आई समोर असली की सगळं बरोबर चालायचं. बातम्या कळायच्या, कारण बातम्या देणारी बाई समोर बघून बोलायची. पण कार्टूनमधली तोंडं? ती जपानी बोलण्यावर काढलेली, आवाज हिंदी. आणि ओठ कसले, नुसती उघडमीट. जगातल्या कुठल्याही माणसाचे ओठ वाचणाऱ्या माझ्या बाबांना फक्त ती होडीतली मुलगी वाचता येत नव्हती. त्यांना चित्र दिसायचं, आणि त्या चित्राचं गाणं त्यांच्या डोक्यात आधीपासून होतं. तेवढ्यावर ते दर रविवारी आमच्यात बसत होते.

आठवडाभराने मी धीर केला. आई भाजीला गेली होती. मी त्यांच्या समोर बसले, तोंड नीट दिसेल असं, आणि म्हणाले, “बाबा, मालिकेचं गाणं बदललंय. कधीचंच.”

त्यांचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदा पाहिला. त्यांनी बंद टीव्हीकडे पाहिलं. मग म्हणाले, “किती दिवस झाले?”

“सहा रविवार.”

“आणि मी...” त्यांनी हवेत एक वल्हं मारलं.

मी होकाराची मान हलवली. ते हसायला गेले, पण जमलं नाही. मग त्यांनी मला सगळं सांगितलं. दोन वर्षांपासून कमी होत चाललं होतं. आधी पाखरं गेली, मग घड्याळाची टिकटिक, मग शिट्टी, मग लांबचं बोलणं. कंपनीच्या वर्षाच्या तपासणीत डॉक्टर समोर बसून विचारायचा, ऐकू येतं का, आणि हे त्याच्या ओठांकडे बघून हो म्हणायचे. “आईला सांगू नकोस,” ते म्हणाले. “कान गेले म्हणून कळलं तर मला मशीनवरून काढतील गं. स्टोअरमध्ये बसवतील, नट-बोल्ट मोजायला. ते मशीन सोडून मला दुसरं काय येतं?”

मी दहा वर्षांची होते. माझ्या बाबांना कुणी नट-बोल्ट मोजायला बसवणार, ही कल्पना मला सहन होण्यासारखी नव्हती. मी शपथ घेतली. आणि लगेच माझ्या डोक्यात आलं की आपण बाबांना नवं गाणं शिकवायचं. ते बरोबर म्हणू लागले की पोरं हसणार नाहीत, मावशी गप्प बसेल, आईला शंका येणार नाही.

काय शिकवणी होती ती! कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे मी सगळे शब्द लिहून काढले. आई घरातच असायची, म्हणून सगळा कारभार मुक्याने. मी बाबांच्या तळहातावर बोटाने ठेका द्यायचे, ते ओठ हलवायचे. कुठे शब्द तोडायचा, कुठे श्वास, कुठे पाणकावळा पडतो, सगळं बोटांनी. एकदा तर त्यांनी पेचकस आणून टीव्हीच्या अंगाला लावला आणि मूठ कानामागे धरून अख्खं गाणं ऐकायचा प्रयत्न केला. “ठोका लागतो,” ते म्हणाले, “बाकी नुसतीच घरघर.” पण ठोका तर त्यांना पाठ झाला होता. दोन आठवड्यांत शब्दही झाले. कामावरून दमून आलेला चाळिशीचा माणूस पोरांचं गाणं पाठ करायला पहाटे उठून बसत होता. मी आजवर पुष्कळ शिष्य पाहिले. असा शिष्य पाहिला नाही.

मग तो रविवार आला. खोली भरली. मी बाबांच्या शेजारी त्यांच्या मनगटावर बोट ठेवून बसले. चित्र सुरू झालं, मी दाबलं, आणि बाबा गायला लागले. एकही शब्द चुकला नाही. एकही जागा चुकली नाही.

फक्त चाल जुनी होती.

आम्हा दोघांच्याही हे डोक्यात आलं नव्हतं. सगळी शिकवणी मुक्याने झाली, मी त्यांना गाताना एकदाही ऐकलं नव्हतं, आणि त्यांना तर नवी चाल कधी ऐकूच आली नव्हती. शब्द नवे, ठेका नवा, आणि चाल त्या सर्दी झालेल्या प्रेमळ बाईची. ते पळते, खट्याळ शब्द त्या संथ चालीत असे काही बसत होते की पोरं आधी गडबडली, मग पोट धरून हसायला लागली. बाबांना वाटलं, जमलं. त्यांनी आवाज आणखी चढवला.

मी वर पाहिलं तर स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. हातात लाटणं, त्याला पीठ. ती हसत नव्हती. ती बाबांकडे बघत होती, मग टीव्हीकडे, मग परत बाबांकडे. कार्यक्रम संपेपर्यंत ती तशीच उभी राहिली. पोरं गेल्यावर ती बाबांच्या समोर येऊन उभी राहिली आणि तिने विचारलं, चहा देऊ का?

विचारलं म्हणजे नुसते ओठ हलवले. आवाज काढलाच नाही.

“दे की, अर्धा कप,” बाबा म्हणाले.

आई मटकन खाली बसली. बाबांना आधी कळेना काय झालं. मग माझ्याकडे पाहिलं आणि कळलं.

माझी आई भांडणारी बाई नव्हती, पण त्या दिवशी ती भांडली. तेही बाबांना प्रत्येक शब्द दिसेल असं, समोर बसून. स्वतःपासून लपवलं याचं तिला वाईट वाटलंच, पण ती त्यावर फार बोलली नाही. ती म्हणाली, “तुम्ही तिथं मशीन ऐकायला बसता. लोक तुमच्या भरवशावर आत काम करतात. तुम्ही म्हणालात ठीक आहे, म्हणजे ठीक आहे. आणि तुम्हाला ऐकूच येत नाही?”

“हाताला कळतं मला. पेचकसातून हादरा लागतो,” बाबा म्हणाले.

“सगळं कळतं? छातीवर हात ठेवून सांगा.”

बाबांनी छातीवर हात ठेवला नाही. मग ते म्हणाले, “गेल्या महिन्यात दोन नंबरचं बेअरिंग गेलं. मला आधी कळलं नव्हतं. नशीब, बंद करायला वेळ मिळाला.” हे त्यांनी मलाही सांगितलं नव्हतं. मी बाबांची अब्रू राखत होते असं मला वाटत होतं. त्या शेडमध्ये इतरही माणसं असतात आणि त्यांच्याही घरी रविवारी कुणीतरी वाट बघत असतं, हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं.

त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. मंगळवारी त्यांची पहिली पाळी होती. ते निघाले तेव्हा इस्त्रीचा शर्ट घातला होता, एरवी पाळीला कधी घालत नसत. आईने काही विचारलं नाही. संध्याकाळी आले आणि सांगितलं, “साहेबांना सांगून आलो.” कुणी पकडलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. तपासणीला अजून सात-आठ महिने होते. चौदा वर्षं ज्याच्या शब्दावर मशीन चालायचं त्या माणसाने स्वतः जाऊन केबिनमध्ये उभं राहून सांगितलं की आता माझ्या शब्दावर चालवू नका. मला बाबांचा तोपर्यंत पुष्कळ अभिमान वाटला होता, होडीचा, गळ्याचा, पेचकसाचा. पण त्या मंगळवारी जो वाटला तो अजून कमी झालेला नाही.

त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. बसवणारच होते. पहिले काही दिवस ते घरी येऊन भिंतीकडे बघत बसायचे. मला वाटायचं, माझ्यामुळेच झालं हे सगळं. गाणं शिकवायला गेले नसते तर झालं नसतं. एकदा मी तसं त्यांना म्हणालेही. ते म्हणाले, “वेडी आहेस. तू चाल शिकवायची विसरलीस म्हणून दोन नंबरवरचा माणूस सुखरूप घरी जातोय.” मला तेव्हा ते नीट पटलं नाही.

तपासण्या झाल्या आणि दोन महिन्यांनी कानाचं मशीन आलं. काडेपेटीहून थोडी मोठी पेटी शर्टाच्या खिशात, तिथून वायर वर, आणि कानात बटण. लावल्या लावल्या ते कुईं करून शिट्टी वाजवायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पहिल्यासारखं होणार नाही, सवय करायची, सुरुवातीला घरातल्या घरात. बाबांनी शनिवारी ते आणून कपाटावर ठेवलं आणि म्हणाले, “उद्या लावतो. गाण्याला.”

त्या रविवारी मी पोरांना सांगितलं, आज आमच्याकडे नाही. बरीच कुरकुर झाली, पण मी कुणाला आत घेतलं नाही. आई पदराला हात पुसत येऊन बसली. बाबांनी पेटी खिशात सरकवली, बटण कानात बसवलं, चक्र फिरवलं. शिट्टी वाजली, थांबली. ते थोडे दचकले. पंखा ऐकत असावेत. मग टीव्हीवर पाणी आलं, होडी आली, आणि कीबोर्डची टणटण सुरू झाली.

मला राहवेना. गाणं सुरू झाल्याबरोबर मी विचारलं, “येतंय का ऐकू? बाबा, येतंय का?”

बाबा टीव्हीकडे बघत होते. त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडाकडे नाही. डोळ्यांकडे.

“हा तुझा आवाज आहे?” ते म्हणाले.

“हो,” मी म्हणाले.

“मी तिसरीतलाच धरून बसलो होतो गं,” ते म्हणाले. “तू तोंड उघडलंस की मला तोच ऐकू यायचा. बारीक. हा तर... मोठी झालीस की.” त्यांनी हात लांब करून टीव्हीचा आवाज पार बंद केला. होडी मुकाट्याने चालत राहिली. “गाणं राहू दे. तू बोल.”

“काय बोलू?”

“काहीही बोल.”

काहीही बोल म्हटल्यावर जगातल्या कुठल्याही माणसाला काहीही सुचत नाही. आई तोंडाला पदर लावून बसली होती, तिच्याकडून मदत मिळण्यासारखी नव्हती. शेवटी मी पाढे म्हणायला लागले. तेही एकोणतिसाचा, कारण तो शाळेत नुकताच पाठ करायला दिला होता आणि मला धड येत नव्हता. बाबा पुढे वाकून, डोळे मिटून ऐकत होते. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. मी नाक ओढत, अडखळत पुढे जात होते.

“एकोणतीस सत्ते एकशे त्र्याण्णव,” मी म्हणाले.

“चूक,” बाबा डोळे न उघडता म्हणाले. “दोनशे तीन. पहिल्यापासून म्हण.”